फुटका माठ आणि उघडा नळ : रोटरी वूफरचे एक प्रकरण

टॅलाहासी ही अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याची राजधानी. या शहरातील एमिनन्ट टेक्नॉलॉजी ही छोटी कंपनी ध्वनियंत्रणांच्या हौशी मंडळींना दोन गोष्टींमुळे आधीपासून परिचित होती : हवेच्या पातळ थरावर तरंगत सरकणारा टोनआर्म (रेकॉर्ड प्लेअरची सुई धरणारा दांडा) आणि पातळ पडद्याचे चुंबकीय स्पीकर. कंपनीचे संस्थापक ब्रूस थिगपेन यांनी २०००च्या दशकात एक सबवूफर, म्हणजे सर्वांत खालचे सूर वाजवणारा स्पीकर, बाजारात आणला. त्यात मागेपुढे होणारा कागदी किंवा धातूचा पडदा नव्हता. त्या जागी टेबलफॅनएवढा, पाच पात्यांचा, एकसारख्या वेगाने फिरणारा पंखा होता. टीआरडब्ल्यू-१७ हे त्याचे नाव, परंतु सगळीकडे तो रोटरी वूफर म्हणूनच ओळखला जातो. जाहीर केलेला पट्टा १ ते ३० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १ ते ३० कंपने, किंमत त्या वेळी सुमारे १३ हजार डॉलर आणि बसवण्याचा खर्च वेगळा. नायगारा धबधब्याच्या एका प्रदर्शनात पाण्याचा खालचा गडगडाट उभा करण्यासाठी तो वापरला गेला, आणि हौसेला मोल नसलेल्या काही घरांतही तो बसला. मोठ्या संख्येने घरोघरी मात्र तो कधीच गेला नाही.

ज्या यंत्राने खोल खर्जाचा प्रश्न तत्त्वतः सोडवला, ते यंत्र घरात का रुजले नाही, हा या प्रकरणाचा विषय आहे. किंमत हे सोपे उत्तर आहे आणि ते अपुरे आहे, कारण तेवढ्याच पैशांचे पारंपरिक सबवूफर विकत घेणारे लोक त्या काळातही होते. माझ्या मते खरे कारण वेगळे आहे. रोटरी वूफर हे अर्धेच उपकरण असून त्याचे दुसरे अर्धे म्हणजे ते जिथे बसते ते घर, आणि घरे त्यासाठी बांधलेली नसतात. हे पटवायचे तर आधी साध्या वूफरची अडचण आकड्यांत पाहावी लागेल.

पडद्याची अडचण

वूफरचे काम म्हणजे हवा ढकलून तिच्या दाबात चढउतार घडवणे. मोकळ्या जागेत जमिनीवर ठेवलेल्या वूफरपासून एक मीटर अंतरावर २० हर्ट्झचा ११० डेसिबल आवाज हवा असेल, तर प्रत्येक आवर्तनात मधल्या स्थितीपासून सुमारे ३ लिटर हवा पुढे आणि तितकीच मागे सरकवावी लागते. १८ इंची वूफरच्या पडद्याचे क्षेत्रफळ साधारण १२०० चौरस सेंटिमीटर असते, म्हणजे तो दोन्ही बाजूंना अडीच-अडीच सेंटिमीटर हलला की हे ३ लिटर भरतात. आणि अडीच सेंटिमीटरची ही हालचाल चांगल्या, महाग वूफरच्याही जवळजवळ टोकाची असते. आता वारंवारता निम्मी करून १० हर्ट्झवर आणली, तर त्याच आवाजाला चौपट हवा लागते, म्हणजे १२ लिटर. ५ हर्ट्झला ४८ लिटर. दुसऱ्या शब्दांत, २० हर्ट्झला जिथे एक वूफर पुरतो, तिथे १० हर्ट्झला ४ आणि ५ हर्ट्झला १६ लागतात. खर्जात एक सप्तक खाली उतरण्याची ही किंमत आहे, आणि ती कोणत्याही अ‍ॅम्प्लिफायरने चुकवता येत नाही, कारण कमतरता वॉटची नसून पडद्याला हलायला मिळणाऱ्या जागेची आहे.

बंद खोलीत हा हिशेब बदलतो, आणि तो बराच सुखावह होतो. ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि २.५ मीटर उंच अशा खोलीत ६० घनमीटर हवा असते. तिच्या लांबीच्या दिशेने पहिला अनुनाद सुमारे २९ हर्ट्झला येतो. त्याच्या बऱ्याच खाली गेल्यावर खोलीत लाट मावतच नाही, कारण १० हर्ट्झची तरंगलांबीच ३४ मीटर आहे. अशा वेळी खोलीतली सगळी हवा सायकलच्या पंपात दाबली जावी तशी एकदम दाबली आणि सैल सोडली जाते, व दाब फक्त किती लिटर हवा ढकलली यावर ठरतो. वारंवारतेचा संबंध उरत नाही. या खोलीत ११० डेसिबलसाठी ३.८ लिटर पुरतात, मग सूर १५ हर्ट्झचा असो की २ हर्ट्झचा. म्हणजे कागदावर पाहिले तर १८ इंची दोन वूफर भिंतीत बसवावेत आणि थेट १ हर्ट्झपर्यंत उतरावे.

असे प्रत्यक्षात घडत नाही, याचे कारण खोली बंद नसते. दाराखाली फट असते, खिडकीच्या चौकटीतून हवा जाते, एसीच्या वाहिन्या असतात, आणि अमेरिकेतील बहुसंख्य घरांच्या भिंती म्हणजे लाकडी सांगाड्यावर ठोकलेले जिप्समचे तक्ते असल्याने त्या दाबाबरोबर स्वतःच थोड्या फुगतात आणि आत येतात. जलद चढउतारांना ही गळती जाणवत नाही. हवेला फटीतून निसटायला वेळच मिळत नाही. चढउतार संथ झाला की मात्र वूफरने निर्माण केलेला दाब पुढचा धक्का येण्याआधीच निसटून जातो. फुटक्या माठात एक बादली पाणी ओतले तर पातळी क्षणभर वर येते आणि उतरते. ती टिकवायची असेल तर बादली उपयोगाची नाही. गळते तितके पाणी सतत देणारा नळ हवा. पडद्याचा वूफर ही बादली आहे. तिचे माप ठरलेले आहे, आणि गळतीचे राज्य सुरू झाले की त्याचा दाब दर सप्तकामागे निम्मा होत जातो.

कोन हलतो, पण वेगळा

थिगपेन यांनी नळ बनवला. त्यांच्या यंत्रात एक विद्युत मोटर पंखा ठराविक वेगाने फिरवत राहते. संगीताचा किंवा चित्रपटाचा संकेत नसेल तेव्हा पाती फिरण्याच्या प्रतलाशी समांतर, सपाट असतात आणि हवा ना पुढे जाते ना मागे. संकेत आला की नेहमीच्या स्पीकरमध्ये असते तशीच एक व्हॉइस कॉइल (संकेताच्या विद्युतप्रवाहाने हलणारे तारेचे वेटोळे) मागेपुढे होते, परंतु ती पडदा ढकलत नाही. दांड्यांच्या जोडणीने पाचही पाती आपापल्या अक्षाभोवती एकाच वेळी किंचित वळवते. संकेत धन असताना पाती एका बाजूला कलतात आणि हवा खोलीत येते. ऋण असताना दुसऱ्या बाजूला कलतात आणि खोलीतून हवा ओढली जाते. हेलिकॉप्टरचा चालक पंख्याचा वेग न बदलता पात्यांचा कल बदलून वर-खाली होतो, तीच ही कल्पना. मराठीत या ठिकाणी एका शब्दाने गंमत केली आहे : नेहमीच्या वूफरमध्ये हलणारा कोन म्हणजे शंकू, यातला हलणारा कोन म्हणजे अंशांत मोजायचा कोन.

या रचनेतून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे हवा ढकलण्याचे जड काम मोटर करते आणि अ‍ॅम्प्लिफायरकडे फक्त पाती वळवण्याचे काम उरते. त्यामुळे ५ हर्ट्झला कोसळणाऱ्या हजारो वॉटच्या रचनांशी तुलना केली तर याला लागणारी अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती अगदी बेताची असते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. पडद्याला मर्यादा असते ती अंतराची, पंख्याला मर्यादा असते ती प्रवाहाची. समजा, एखादा पंखा कमाल कलावर सेकंदाला ३५० लिटर हवा फेकतो. हा आकडा टीआरडब्ल्यू-१७ चा नाही, तो हिशेबापुरता घेतला आहे. २० हर्ट्झला अर्धे आवर्तन इतके छोटे असते की तेवढ्या वेळात हा पंखा मधल्या स्थितीपासून जेमतेम पावणेतीन लिटर हवा सरकवेल, म्हणजे आपल्या १८ इंची वूफरएवढेच काम. १० हर्ट्झला तो दोन वूफरांइतके करील, ५ हर्ट्झला जवळजवळ चारांइतके, आणि १ हर्ट्झला अठरा-एकोणीस वूफरांइतके. वारंवारता जितकी खाली, तितका त्याला हवा वाहवायला जास्त वेळ मिळतो. शून्य हर्ट्झला, म्हणजे संकेत एकाच बाजूला स्थिर राहिला तर, पडदा काहीच देऊ शकत नाही. पंखा मात्र साध्या पंख्यासारखा वारा देत राहतो आणि खोलीत कायमचा किंचित जास्त दाब धरून ठेवतो.

आता फुटका माठ आणि हा नळ एकत्र ठेवून पाहावेत. फटी ठरावीक दाबाला ठरावीक प्रवाह बाहेर सोडतात, म्हणून दाब टिकवायचा तर प्रवाह टिकवावा लागतो, आणि प्रवाह हेच पंख्याचे भांडवल आहे. गळक्या घरात पडद्याचा आवाज जिथे उतरंडीला लागतो, नेमके तिथे पंख्याचा आवाज सपाट होतो आणि तसाच खालपर्यंत जातो. मला या यंत्रातील खरी बुद्धिमत्ता इथे दिसते. पाती वळवण्याची कल्पना हेलिकॉप्टरकडे तयारच होती; खोल खर्जाचा प्रश्न हवेच्या आकारमानाचा नसून प्रवाहाचा आहे, हे ओळखणे अवघड होते.

हा फरक त्याआधीच्या प्रयत्नांशी ताडून पाहिला की आणखी स्पष्ट होतो. १९८०च्या दशकात टॉम डॅनली यांनी इंटरसॉनिक्स कंपनीत सर्वोमोटर (संकेतानुसार दोन्ही दिशांना फिरणारी मोटर) पट्ट्यांच्या साहाय्याने मोठ्या पडद्यांना जोडून सर्वोड्राइव्ह वूफर बनवले, ज्यांत व्हॉइस कॉइल तापून निकामी होण्याचा प्रश्नच उरला नाही. पुढे त्यांच्याच कल्पनेवर गाड्यांसाठी फिनिक्स गोल्ड कंपनीचा सायक्लोन आला. त्यात गोल डब्यात एक फळी अक्षाभोवती इकडून तिकडे हेलकावत असे, आणि अनेक जण त्यालाही रोटरी वूफरच म्हणत. परंतु हेलकावणाऱ्या फळीलाही शेवटी डब्याची भिंत आडवी येते. बादलीचा आकार बदलला, ती चालवणारा हात बळकट झाला. बादली मात्र बादलीच राहिली.

बसवणी

पंख्याला पुढचे आणि मागचे तोंड असते. पुढून खोलीत गेलेली हवा मागून कुठून तरी यावी लागते, आणि ती खोलीतूनच आली तर पंखा नुसता हवा घुसळत राहील. म्हणून हे यंत्र भिंतीत किंवा छतात भोक पाडून बसवतात, आणि त्याच्या पाठीशी एक मोठी, खोलीपासून पूर्ण वेगळी जागा लागते. अमेरिकेतील स्वतंत्र घरांत उतरत्या छपराखालचा अ‍ॅटिक किंवा तळघर ही जागा पुरवते, आणि यंत्राची सगळी रचना त्या घराला गृहीत धरून केलेली आहे.

मागची जागा मोठी का लागते, याचाही हिशेब करता येतो. आपल्या ६० घनमीटरच्या खोलीत ११० डेसिबलला शिखरावर सुमारे ९ पास्कल (पास्कल हे दाबाचे एकक) दाब असतो. मागे फक्त २ घनमीटरचे बंद कपाट दिले तर तितकीच हवा तिथून उपसताना तिथला दाब तीसपट, म्हणजे जवळजवळ २७० पास्कल इतका हलेल. पंखा प्रवाहात उदार असला तरी दाबात कृपण असतो. समोरून एवढा विरोध झाला की पाती हवा कापत राहतात आणि प्रवाह थांबतो. मागची जागा गळकी असली तरी चालते, किंबहुना गळकी असलेली बरी. पुढची, म्हणजे ऐकण्याची खोली मात्र जितकी घट्ट तितकी चांगली.

इथे महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात पहिला प्रश्न येणार तो आपल्या घरांचा. काँक्रीटच्या स्लॅबखाली राहणाऱ्या सदनिकेत अ‍ॅटिक नाही. आपण ज्याला माळा म्हणतो ती स्वयंपाकघरावरची दोन-अडीच फुटांची जागा, जिच्यात पितळी पातेली आणि गणपतीचे मखर वर्षभर पडून असतात, ती वर हिशेबात घेतलेल्या कपाटाएवढीच असते. बाहेरच्या भिंतीत भोक पाडून मागे थेट आकाश द्यावे, तर पंख्याची घरघर आणि सगळा खर्ज शेजाऱ्याच्या गॅलरीत जाईल, आणि पावसाळ्याचा विचार वेगळाच करावा लागेल. दुसरीकडे, आपल्या विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंती जिप्समच्या तक्त्यांसारख्या फुगत नाहीत, त्यामुळे खिडक्या-दारे नीट बंद केली तर आपली खोली दाब धरून ठेवायला अमेरिकन खोलीपेक्षा सरस ठरते. गंमत अशी की, ज्या खोलीत दाब चांगला टिकतो तिथे पंख्याची गरजही कमी होते. घट्ट माठाला बादली पुरते.

बसवणीतील दुसरा प्रश्न पंख्याच्या स्वतःच्या आवाजाचा. चित्रपट चालू असेतो मोटर चालूच राहते, शांत प्रसंगातही. मिनिटाला ८०० फेरे धरले तर पाच पात्यांची हवा कापण्याची गती सेकंदाला ६७ इतकी होते, म्हणजे कानाला स्पष्ट ऐकू येणाऱ्या पट्ट्यातील गुणगुण. त्यावर हवेच्या खळबळीची सळसळ असते ती निराळीच. म्हणून पंखा खोलीत उघडा ठेवून चालत नाही. त्याच्यापुढे जाड भिंतींची पेटी आणि हवेला वळण घेत बाहेर यायला लावणारी तोंडे द्यावी लागतात. १० हर्ट्झच्या लाटेला असली वळणे दिसतही नाहीत, पण सळसळ त्यांत बरीच मुरते. वरच्या बाजूची ३० हर्ट्झची मर्यादाही यंत्राच्या स्वभावातूनच आलेली आहे : पाती आणि दांड्या यांना वजन असते, त्या सेकंदाला शंभर वेळा वळवता येत नाहीत, आणि पाती किती वेळा समोरून जातात त्याच्या जवळ वारंवारता गेली की प्रवाहाची आकृती तुकड्यातुकड्यांची होते. त्यामुळे २० हर्ट्झच्या वर नेहमीचे सबवूफर ठेवावेच लागतात. १३ हजार डॉलर देऊन घेतलेले यंत्र आधीच्या एकाही पेटीची जागा मोकळी करत नाही, हे ग्राहकाला पटवणे विक्रेत्यासाठी सोपे नसणार.

शेवटी कानाला काय मिळते

घरगुती चित्रपटगृहाच्या प्रमाणित पातळीवर खर्जासाठी राखून ठेवलेली वाहिनी ११५ डेसिबलच्या शिखरापर्यंत जाऊ शकते, आणि टीआरडब्ल्यू-१७ बद्दल कंपनीने केलेला दावाही २० हर्ट्झच्या खाली त्याच आसपासचा आहे. ११५ डेसिबल म्हणजे ५ हर्ट्झला सुमारे १६ पास्कलचे शिखर. दोन चौरस मीटरच्या दारावर त्याचा जोर सव्वातीन किलो वजनाएवढा होतो, आणि तो सेकंदाला पाच वेळा दार आत ढकलतो व बाहेर ओढतो. कडी सैल असेल तर दार खडखडते, भिंतीवरच्या तसबिरी हलतात, ट्यूबलाइटची पट्टी गुणगुणते. आणि चित्रपटातल्या भूकंपापेक्षा घरातल्या सामानाचा आवाज मोठा होतो. ज्यांनी असे खोल सबवूफर घरात बसवले, त्यांचे पुढचे कित्येक दिवस घरातील एकेक सैल वस्तू शोधून तिच्याखाली फेल्ट चिकटवण्यात जातात, मग वूफर पंख्याचा असो की पडद्याचा.

कान मात्र या पट्ट्यात फार मंद असतो. २० हर्ट्झचा सूर ऐकू येण्यासाठी सुमारे ७८ डेसिबल लागतात, १० हर्ट्झला ९५ ते १०० च्या दरम्यान, आणि त्याखाली त्याहून जास्त. आतल्या कानातील शंखासारख्या नळीच्या टोकाशी हेलिकोट्रेमा नावाचे एक बारीक छिद्र असते. संथ दाबबदल त्यातून दोन्ही बाजूंना सारखा होऊन जातो आणि मज्जातंतूंपर्यंत फारसा पोचत नाही. म्हणजे खोलीप्रमाणे कानालाही गळती आहे, आणि ती बुजवण्याची सोय नाही.

याचा सर्वांत सोपा पुरावा आपल्या झोपाळ्यावर मिळतो. हवेचा दाब दर मीटर उंचीला सुमारे १२ पास्कलने बदलतो. झोका घेताना आपण एकूण १ मीटर वर-खाली झालो, तर कानावरचा दाब मधल्या स्थितीपासून दोन्हीकडे ६ पास्कलने हलतो, आणि त्याचे डेसिबल केले तर आकडा १०६ येतो. १०६ डेसिबलचा आवाज कानाशी ठेवून मुले तासन्‌तास झोके घेतात आणि कोणाला काही ऐकू येत नाही, कारण त्याची वारंवारता एका हर्ट्झच्याही खाली आहे. रोटरी वूफरच्या जाहिरातीतील १ हर्ट्झचा आकडा मी याच दृष्टीने पाहतो. तो खोटा नाही, पण तिथे चित्रपट पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. खरे काम ८ ते २० हर्ट्झमध्ये आहे : कानात सूर न उमटता छातीला, मानेला आणि बसल्या खुर्चीला जाणवणारी थरथर, आणि हायवेवर गाडीची मागची एकच काच उघडली की कानांवर जो धबधब दाब येतो तसली संवेदना. सिडनीच्या टाउन हॉलमधील ऑर्गनला ६४ फुटी मापाची नळी आहे, तिचा मूळ सूर ८ हर्ट्झचा. म्हणजे या पट्ट्याची ओढ चित्रपटाच्या आधीची आहे. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींचा उल्लेख इथे हमखास होतो, म्हणून सांगतो की छातीत धडधडणारा तो खर्ज बहुतांशी ४० ते १०० हर्ट्झचा असतो. तो प्रचंड असतो, खोल नसतो.

एका बाबतीत मात्र पंख्याचा विचार गांभीर्याने करावा लागतो, आणि ती बाब म्हणजे आवाजाची शुद्धता. पडद्याचा वूफर त्याच्या टोकाशी चालवला की मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट-तिप्पट वारंवारतेचे सूरही मिसळतात. १० हर्ट्झचा सूर १०५ डेसिबलला वाजत असताना त्यात फक्त १० टक्के तिसरा स्वरांश, म्हणजे तिप्पट वारंवारतेचा सूर, मिसळला, तर ३० हर्ट्झला ८५ डेसिबल तयार होतात. ३० हर्ट्झच्या आसपास कानाची उंबरठा पातळी ६० डेसिबलच्या जवळ आहे. म्हणजे मूळ सूर उंबरठ्याच्या जेमतेम वर, आणि चोरून आलेला सूर त्याच्या २५ डेसिबल वर. अशा वेळी ऐकणारा समाधानाने सांगतो की माझा वूफर १० हर्ट्झ ऐकवतो. तो खरे तर ३० हर्ट्झ ऐकत असतो. पंखा या पट्ट्यात आरामात चालतो, ताणला जात नाही, त्यामुळे त्याचा १० हर्ट्झचा सूर बराच निर्मळ असतो. आणि निर्मळ १० हर्ट्झ ऐकू जवळजवळ येत नसल्याने पहिल्यांदा अनुभव घेणाऱ्याची निराशाही होऊ शकते. ही या प्रकरणातील सर्वांत विचित्र गाठ आहे : यंत्र जितके खरे, तितके ते कमी ‘वाजते’.

जागा कोणी घेतली

रोटरी वूफरने जो अ‍ॅटिक मागितला, तोच अ‍ॅटिक हौशी लोकांनी वेगळ्या रीतीने वापरला. छताच्या भोकावर प्लायवूडची पेटी ठेवून तिच्या समोरासमोरच्या बाजूंवर १८ इंची चार वूफर बसवायचे, त्यांची तोंडे पेटीत, पाठी अ‍ॅटिकमध्ये. समोरासमोर असल्यामुळे त्यांचे धक्के एकमेकांना मारतात आणि छताला हादरा बसत नाही. याला इन्फिनिट बॅफल म्हणतात. चार वूफरांचे १२ लिटर बऱ्यापैकी बंद खोलीत ८-१० हर्ट्झपर्यंत सहज पुरतात, घरघर नाही, फिरणारा भाग नाही, आणि तेच वूफर वर ६०-८० हर्ट्झपर्यंतही चालतात. पंख्याचा हिशेबी विजय ५ हर्ट्झच्या खाली सुरू होतो, आणि तिथे ऐकणारा कोणी नाही. माझ्या मते रोटरी वूफरचा बाजार संपला तो इथे.

इतर अपारंपरिक रचनांनी वेगळीच वाट धरली. डॅनली यांच्या टॅप्ड हॉर्नमध्ये वूफरची पाठ आणि तोंड एकाच दुमडलेल्या भोंग्यात दोन ठिकाणी उघडतात आणि थोड्या शक्तीत मोठा आवाज मिळतो; पण भोंग्याची वाट पाव तरंगलांबीची असावी लागते, २० हर्ट्झला सव्वाचार मीटरहून थोडी जास्त, १० हर्ट्झला साडेआठ मीटरच्या पुढे, आणि त्या मर्यादेखाली पडदा निराधार होऊन भरकटतो. सोफ्याच्या पायाला बसवायचे हादरे देणारे यंत्र हवेला हातच लावत नाही; सदनिकेत राहणाऱ्याला मी तेच आधी सुचवीन.

मोजणी

असे यंत्र बसवल्यावर ते खरोखर १ हर्ट्झपर्यंत उतरते का, हे तपासणेही सोपे नाही. घरगुती मोजणीचे मायक्रोफोन बहुधा २० हर्ट्झपर्यंतच प्रमाणित केलेले असतात. मायक्रोफोनच्या डबीला मागून एक सूक्ष्म छिद्र मुद्दाम ठेवलेले असते, नाहीतर हवामान बदलले किंवा तो घेऊन कोणी जिना चढले तरी त्याचा पडदा ताणला जाईल. त्या छिद्रातून संथ दाब आत शिरतो आणि पडद्याच्या दोन्ही बाजू सारख्या होतात. पुन्हा गळतीच. आलेखावर १० हर्ट्झखाली दिसणारी उतरंड वूफरची आहे, खोलीची आहे की मायक्रोफोनची, हे त्यामुळे एका मोजणीत ठरत नाही. वाटेत अ‍ॅम्प्लिफायर आणि रिसीव्हरमधील संथ संकेत अडवणारी कपॅसिटर असतात, त्यांचा वाटा वेगळा काढावा लागतो. स्थिर दाब तपासायचा झाला तर साधने इलेक्ट्रॉनिक असण्याचीही गरज उरत नाही. पारदर्शक नळी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकवून तिच्यात रंगीत पाणी भरावे, एक टोक खोलीत आणि दुसरे दाराच्या फटीतून बाहेर ठेवावे, दार ओल्या कापडाने बुजवावे आणि पात्यांना एकाच बाजूला स्थिर कल द्यावा. खोलीत १६ पास्कल जमले, तर दोन्ही बाजूंच्या पाण्यात दीड मिलिमीटरहून थोडा जास्त फरक पडेल. आणि कापड काढताच पाणी परत सारखे होईल.